धक्का कुठे जाऊन थांबतो?

(दिल्ली, नोएडा, गुरुग्राम आणि फरिदाबाद परिसरात शिकणाऱ्या व नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या बैठकीत, फुले-आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने केलेल्या भाषणाचा हा लिखित मजकूर.)



आयोजकांनी मला 'करिअर मार्गदर्शन' हा विषय दिला होता. मी तो बदलून मागितला. मार्गदर्शन करावं इतकं मोठं मी काही केलेलं नाही. मानेसरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात बारा वर्षं नोकरी करतोय, एवढंच. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो आणि ते बनवायला लागणारा माल वेळेवर आणणं हे माझं काम. या कामात जे शिकलो आणि जी एक चूक केली, ते आज सांगणार आहे. तुमच्यातले काही जण उद्या कंपनीत, बँकेत, सरकारी खात्यात बसाल. काही जण स्वतःचा धंदा काढाल. दोघांनाही त्याचा उपयोग होईल.

या विषयाला इंग्रजीत 'बिझनेस कंटिन्युइटी प्लॅनिंग' म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. माल येणं अचानक थांबलं, रस्ता अडला, आग लागली, साथ आली, तरी धंदा चालू कसा ठेवायचा याची आधी करून ठेवलेली तयारी, एवढाच त्याचा अर्थ. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २२३०१. त्याचे सल्लागार आहेत आणि सल्लागारांची फीसुद्धा आहे. मला मात्र हा विषय पहिल्यांदा कळला तो परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या मोंढ्यात.

माझे वडील मोंढ्यात हमाल होते. मोंढा अधूनमधून बंद पडायचा. कधी भाव पडले म्हणून शेतकरी लिलाव बंद पाडायचे, कधी कराच्या भांडणात व्यापारी शटर ओढायचे, कधी पाऊस यायचा. बंद उठला की सगळे आपापला हिशेब करायचे. व्यापाऱ्याचा माल गोदामात असायचा, तो नंतर विकला जायचा, कधीकधी चढ्या भावाने. आडत्याची उधारी वहीत लिहिलेली असायची, ती आज नाही तर उद्या वसूल व्हायची. मोठ्या शेतकऱ्याकडे माल घरी ठेवायला जागा होती. हमालाचा हिशेब मात्र त्या दिवशीच संपलेला असायचा. काल न उचललेलं पोतं आज उचलून भरपाई होत नाही. आज आजचीच पोती असतात आणि पाठ एकच असते.

आई हे ओळखून होती. तिने आठ दिवसांची ज्वारी एका वेगळ्या डब्यात बाजूला काढलेली असायची. घरात कितीही ओढाताण असली तरी त्या डब्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. मोंढा बंद झाला की तो डबा निघायचा. आमच्या कारखान्यात याला 'सेफ्टी स्टॉक' म्हणतात आणि तो किती असावा हे काढायला सूत्र आहे. आईकडे सूत्र नव्हतं. मोंढा जास्तीत जास्त किती दिवस बंद राहतो, हे तिला माहीत होतं.

तेव्हा जे पाहिलं ते पुढे नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिलं. साखळी तुटली की धक्का बसतो, आणि तो बसलेल्या जागी राहत नाही. ज्याला तो पुढे ढकलता येतो तो ढकलतो. ज्याच्या पुढे ढकलायला कोणी नाही, त्याच्यापाशी तो थांबतो. आजचं माझं सगळं बोलणं या शेवटच्या माणसाबद्दल आहे.

आता दिल्लीकडे येऊ. फेब्रुवारी २०१६. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असाल. हरियाणात जाट आरक्षणाचं आंदोलन पेटलं. रोहतक, झज्जर, सोनीपत भागात रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या. दिल्लीला पाणी आणणारा मुनक कालवा आंदोलकांच्या ताब्यात गेला, त्याची मोडतोड झाली. राजधानीची बहुतेक जलशुद्धीकरण केंद्रं बंद पडली, २२ फेब्रुवारीला शाळांना सुट्टी द्यावी लागली आणि कालवा सोडवायला लष्कर गेलं. इकडे मारुती सुझुकीने गुडगाव आणि मानेसर दोन्ही कारखान्यांतलं उत्पादन थांबवलं, कारण सुटे भाग पोचत नव्हते.

मी नोकरीत नवा होतो. गाड्यांच्या उद्योगात माल साठवून ठेवत नाहीत. साठा म्हणजे अडकलेला पैसा, म्हणून लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल आणायचा, अशी पद्धत आहे. काही भागांचा साठा दिवसांत नाही, तासांत मोजतात. रस्ते मोकळे असतात तोवर हे झकास चालतं. त्या आठवड्यात कोणता ट्रक कुठे अडकलाय आणि कोणता भाग किती तासांनी संपेल, याची यादी करत मी दोन रात्री कारखान्यातच काढल्या.

खोलीवर परत आलो तर नळाला पाणी नाही. तेव्हा मला महाड आठवलं. रस्ता बंद, पाणी बंद, दुकान बंद. आपल्या माणसांना हे नवीन नाही. मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची पाहणी करायला समिती नेमली होती. स्टार्ट समिती म्हणून ती ओळखली जाते. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० साली आलेल्या तिच्या अहवालात सामाजिक बहिष्काराचं वर्णन आहे. हक्क मागितला की शेतावरचं काम बंद, दुकानदाराकडून मीठ-मिरची बंद, वाट बंद, पाणी बंद. ज्याच्याकडे जमीन नाही आणि साठा नाही, त्याचा पुरवठा तोडला की तो आठवडाभरात शरण येतो, हे गावाला नेमकं ठाऊक होतं. पुरवठा साखळी तोडणं हे आपल्या देशात जातीचं जुनं हत्यार आहे. महाराष्ट्राला त्याविरुद्ध वेगळा कायदा २०१६ साली करावा लागला, आणि तो लागू व्हायला २०१७ उजाडलं.

म्हणून मी म्हणतो, हा विषय फक्त एमबीएवाल्यांचा नाही. बहिष्कार सोसलेल्या समाजाला साखळी तुटणं म्हणजे काय हे पुस्तक न वाचता कळतं.

त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीला मानेसरमध्ये आणखी एक घटना घडली. गाड्यांच्या एसीचे भाग बनवणाऱ्या सुब्रोस कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि मारुतीला पुन्हा काही दिवस उत्पादन थांबवावं लागलं. गाडीत हजारो भाग असतात, त्यातला एक आला नाही की गाडी निघत नाही. २०२१ साली सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा झाला तेव्हा हेच जगभर दिसलं. त्या सप्टेंबरमध्ये मारुतीने आपलं उत्पादन नेहमीच्या साधारण ४० टक्क्यांवरच राहील, असं जाहीर केलं होतं.

आगीवरून जपानचं एक उदाहरण आमच्या क्षेत्रात नेहमी सांगतात. १ फेब्रुवारी १९९७ रोजी कारिया इथल्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह तिथे बनायचा आणि टोयोटा तो जवळजवळ सगळा तिथूनच घ्यायची. टोयोटाच्या कारखान्यांत फार थोड्या वेळाचा साठा होता. उत्पादन ठप्प झालं. पण आठवडाभरात ते पुन्हा सुरू झालं, कारण कितीतरी इतर कंपन्यांनी आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवून दिला. त्यात शिलाई मशीन बनवणारी ब्रदर कंपनीही होती. काम आधी सुरू झालं, पैशांचं बोलणं मागाहून झालं.

प्रशिक्षणात आम्हाला याचं तात्पर्य सांगितलं की संकटात टिकवतात ते संबंध. अगदी बरोबर. पण मी मागच्या बाकावर बसून विचार करत होतो, आपल्या देशात धंद्यातले संबंध येतात कुठून? मेहुण्याचं गोदाम, काकांची ट्रान्सपोर्ट कंपनी, समाजाच्या वसतिगृहात सोबत राहिलेला बँकेतला मित्र, गावाकडच्या लग्नात भेटलेला आडत्या. अडचणीच्या दिवशी एका फोनवर दहा लाख उभे राहतात, ते या ओळखींवर. कागदावर त्याला 'व्हेंडर रिलेशनशिप' म्हणतात. पहिल्या पिढीत धंदा काढलेल्या आपल्या माणसाच्या फोनमध्ये असे नंबर नसतात. त्याचं काम चोख असतं, भाव रास्त असतो. फक्त वाईट दिवसासाठी त्याच्यामागे कोणी उभं नसतं.

आता माझ्या चुकीकडे येतो.

फरिदाबादला एक चाचाजी होते. नाव सांगत नाही. जाटव समाजातले. आधी दुसऱ्याच्या शेडमध्ये वीस वर्षं मशीन चालवली, मग साठवलेल्या पैशांतून आणि व्याजाने काढलेल्या पैशांतून स्वतःची शेड टाकली. दोन प्रेस, चार कामगार. आमच्यासाठी फोमची एक पट्टी कापून द्यायचे. किंमत नगाला दोन-अडीच रुपये. दोन प्लास्टिकच्या भागांमध्ये ती बसते, म्हणजे आत पाणी आणि धूळ जात नाही. सहा वर्षांत त्यांचा एक लॉट परत गेला नाही. मी महाराष्ट्रातला, जय भीमवाला, हे त्यांना कळलं तेव्हापासून ते मला 'साहब' म्हणायचं सोडून 'बेटा' म्हणायला लागले.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. त्याच्या दोन दिवस आधी आमच्याकडे बैठक झाली. हातात रोकड किती, कुणाचे पैसे द्यायचे, कुणाचे थांबवायचे, हे ठरवायचं होतं. यादी मी केली होती. पुरवठादारांची वर्गवारी करायची एक रूढ पद्धत आहे, एबीसी. वर्षाला जास्त रुपयांचा माल देणारा 'ए', मधला 'बी', किरकोळ 'सी'. चाचाजी अर्थात 'सी'. ठरलं असं की 'ए'चे पैसे पूर्ण द्यायचे, 'बी'चे अर्धे, 'सी'चे सगळे थांबवायचे. 'सी'मधल्या तीन-चार नावांपुढे मात्र वरिष्ठांनी टीक केली. 'हे आपले जुने लोक आहेत, यांचं बघून घेऊ.' त्या बैठकीत जातीचा शब्द कुणी उच्चारला नाही. उच्चारायची गरजही नव्हती. त्या टीक केलेल्या नावांत चाचाजी नव्हते. आणि 'हेही सहा वर्षं आपल्याकडे आहेत' एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही. घरचा हप्ता होता, बढतीचं वर्ष होतं आणि त्या खोलीत मी एकटा होतो. त्यांची चार महिन्यांची बिलं थकली.

त्या दिवसांत आनंद विहारला काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. कारखान्यांच्या योजना तिथे रस्त्यावर येऊन संपल्या. मालाचा विचार सगळ्यांनी केला होता. माल बनवणारा माणूस दोन आठवडे पगाराशिवाय कसा जगेल, हा रकाना कुणाच्याच तक्त्यात नव्हता. माझ्याही नव्हता.

मे महिन्यात कारखाने हळूहळू उघडले. १२ मेला मारुतीचा मानेसरचा कारखाना सुरू झाला आणि आमच्यासारख्या सगळ्यांची धावपळ उडाली. आमच्याकडे प्लास्टिकचे दाणे होते, वायर होती, कनेक्टर होते. फोमची पट्टी नव्हती. चाचाजींचा फोन लागेना. नवा पुरवठादार आणायचा तर नमुने, मापं, चाचण्या, ग्राहकाची मंजुरी, सगळं नव्याने करावं लागतं, त्यात आठवडे जातात. शिवाय पट्टी कापायचा साचा त्यांच्याच शेडमध्ये होता. अडीच रुपयांच्या भागासाठी आमचा तयार माल नऊ दिवस पडून राहिला.

शेवटी मी फरिदाबादला गेलो. शेड बंद. मागच्या गल्लीत त्यांचं घर. एक प्रेस विकली होती, व्याजाच्या पैशांसाठी. चारपैकी तीन कामगार बिहारला निघून गेले होते, त्यातला एक सायकलवर. साचा त्यांनी तेल लावून, पोत्यात गुंडाळून ठेवला होता. तो कंपनीचा माल आहे, गंजला तर नाव खराब होईल म्हणून. तो माझ्या हातात देताना ते इतकंच म्हणाले, "बेटा, एक फोन तो कर लेते."

त्यांनी पैशांचं नाव काढलं नाही. फोन केला असता तर पैसे कदाचित तेव्हाही मिळाले नसते. पण माल कधी लागेल हे त्यांना कळलं असतं, आणि तोवर कुणाकडून तरी काही उभं करायचं की नाही, हे त्यांना ठरवता आलं असतं. मी त्यांना तेवढंही दिलं नाही. त्यांची बिलं मी जूनमध्ये भांडून काढून दिली. शेड काही पुन्हा उघडली नाही. आज ते दुसऱ्याच्या शेडमध्ये मशीन चालवतात.

तुम्ही विचाराल, सरकारने मदत जाहीर केली होती ना? केली होती. मे २०२० मध्ये छोट्या उद्योगांना सरकारी हमीवर कर्ज द्यायची योजना आली. पण ते कर्ज किती मिळणार? २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर बँकेचं जे कर्ज बाकी असेल, त्याच्या २० टक्के. म्हणजे ज्याला आधीच बँकेने दारात उभं केलं होतं त्याला मदत. चाचाजींचं कर्ज बँकेचं नव्हतं, सावकाराचं होतं. योजनेच्या हिशेबात त्यांचं बाकी कर्ज शून्य, आणि शून्याचे वीस टक्के शून्य. ही योजना लिहिणाऱ्यांच्या मनात चाचाजींबद्दल आकस असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर ते नव्हतेच.

या प्रकारातून मी दोन गोष्टी शिकलो.

पहिली कारखान्याच्या भाषेतली. एबीसी वर्गवारी किंमत मोजते, गरज मोजत नाही. गरज मोजायची दुसरी पद्धत आहे, तिला व्हीईडी म्हणतात. ज्याच्याविना काम थांबतं तो भाग 'व्ही', ज्याच्याविना अडतं तो 'ई', नसला तरी चालतं तो 'डी'. दवाखान्यांत औषधांचा साठा असाच ठरवतात, कारण प्राण वाचवणारं इंजेक्शन स्वस्त असू शकतं. चाचाजी किमतीत 'सी' होते आणि गरजेत 'व्ही'. मी एकच रकाना भरला होता. आता विचार करा, गटारात उतरणारा माणूस, कचरा उचलणारी बाई, रुग्णालयातला वॉर्डबॉय, ट्रकवरचा क्लीनर. ज्यांच्याविना हे शहर दोन दिवस चालणार नाही त्यांनाच आपला समाज 'सी' मध्ये टाकतो. दिल्लीत आहात, नजर टाकलीत की दिसेल.

दुसरी गोष्ट, तक्त्यात एक रकाना वाढवायचा. 'हा पुरवठादार आपल्या पैशांविना किती दिवस टिकेल?' त्या नऊ दिवसांचं नुकसान दाखवून मी हा रकाना आमच्याकडे आणला. आता अडचणीच्या काळात दहा दिवसांपेक्षा कमी टिकणाऱ्याचे पैसे आधी सुटतात. त्यांची रक्कमही एकूण बिलात अगदी थोडी असते. वरिष्ठांनी ते मान्य केलं ते दयेने नाही, नऊ दिवस आठवून केलं. माझी काही हरकत नाही. कारण कोणतंही असो, रकाना तक्त्यात आला.

असा रकाना मोठ्या पातळीवरही आणता येतो. दर हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडते आणि ग्रॅपचे टप्पे लागू होतात. बांधकाम बंद, जुने डिझेल ट्रक बंद, जनरेटरवर बंधनं. हवा सगळ्यांची, पण बंदीच्या दिवसांची मजुरी बुडते ती फक्त बांधकाम मजुराची. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीआरमधल्या राज्यांना सांगितलं की कामगार उपकरातून जमलेल्या पैशांतून या मजुरांना निर्वाह भत्ता द्या. धक्का कुठे थांबतोय हे एकदा तरी कुणीतरी विचारलं. पण भत्ता नोंदणी असलेल्या मजुरालाच मिळतो. म्हणून तुमच्या वस्तीत, गल्लीत कुणी बांधकामावर जात असेल तर त्याची नोंदणी आहे का ते विचारा आणि नसेल तर फॉर्म भरून द्या. पदवी घेतलेल्या माणसाला हे काम अर्ध्या तासाचं आहे.

आता स्वतःचा धंदा काढणाऱ्यांसाठी चार गोष्टी. उद्यम नोंदणी पहिल्या दिवशी करा. ऑर्डर तोंडी घेऊ नका, कागदावर किंवा निदान ईमेलवर घ्या. २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल ही भीती खरी आहे, मी त्या टेबलाच्या पलीकडे बसतो म्हणून सांगतो. त्यावर उपाय म्हणजे एकाच ग्राहकावर अर्ध्याहून जास्त धंदा अवलंबून ठेवू नका. दोन ग्राहक असतील तर एकाला 'पैसे द्या' म्हणता येतं. सरकारी कंपन्यांच्या खरेदीत २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून आणि त्यातली ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घ्यावी, असं धोरण आहे. हा वाटा आजवर पुरा भरलेला नाही, तिथे अर्ज करा. आणि बँकेत छोटं का होईना कर्ज घेऊन ते वेळेवर फेडा. संकटात मदत कुणाला मिळते ते चाचाजींच्या उदाहरणात पाहिलंत.

शेवटची गोष्ट तुमच्या घराची, आणि ती मला सगळ्यात जवळची वाटते. इथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहात. लवकरच घरातले एकमेव पगारदारही व्हाल. आमच्या भाषेत तुम्ही 'सिंगल सोर्स' आहात. बहिणीचं शिक्षण, वडिलांचा दवाखाना, घरावरचे पत्रे, सगळ्याचा पुरवठा एका ठिकाणाहून. ती नोकरी गेली, तुम्ही आजारी पडलात, परीक्षेचं एक वर्ष वाया गेलं, तर तो धक्का ढकलायला तुमच्या मागे कोणी नाही. म्हणून पहिल्या पगारापासून आईचा डबा वेगळा काढा. सगळे पैसे गावी पाठवू नका, सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत थोडं कमी पाठवा. घरच्यांना कारण नीट समजावून सांगा, ते समजतात. आईवडिलांचा आरोग्य विमा काढा. आणि बहिणीला शिकवा, नोकरीला लावा, म्हणजे घरात दुसरा स्रोत तयार होईल. ज्या घरात दोघं कमावतात, तिथला एक जण नोकरीत अन्याय दिसला तर तोंड उघडू शकतो. मार्च २०२०च्या त्या बैठकीत मी गप्प बसलो, त्यातलं अर्धं कारण हेच होतं. बाकीचं अर्धं माझं स्वतःचं आहे.

आज महिना जोतीरावांचा आणि बाबासाहेबांचा आहे. जोतीराव फुले हे बांधकामांचे कंत्राटदार आणि मालाचे पुरवठादार होते, हे आपण विसरतो. कात्रजच्या बोगद्याच्या कामात त्यांचा हात होता. माल, मजूर, मजुरी या साखळीत कोण कुठे खातो आणि कोण उपाशी राहतो, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. १८७७ चा दुष्काळ पडला, म्हणजे धान्याची साखळीच तुटली, तेव्हा सत्यशोधक समाजाने धनकवडीला बालाश्रम चालवला आणि दुष्काळग्रस्तांच्या पोरांना जेवू घातलं. सगळ्यात शेवटी कोण उरतं, हे त्यांनी आधी पाहिलं आणि काम तिथूनच सुरू केलं.

उद्या तुमच्यापुढे अशी एखादी यादी येईल. बँकेत असाल तर कर्जदारांची, तहसीलमध्ये असाल तर लाभार्थ्यांची, कंपनीत असाल तर माझ्यासारखी पुरवठादारांची. तिच्या तळाशी कोणाची नावं आहेत ते वाचा, आणि ती खोडली जाणार असतील तर निदान एक फोन करा. ज्या खोलीत आपल्या आईवडिलांना शिरता आलं नाही तिथे आपण आता बसतो. तिथे बसून आपणही तळातली नावं न वाचताच सही करणार असू, तर आपण बसलो काय आणि दुसरं कुणी बसलं काय, चाचाजींना काही फरक पडत नाही.

 प्रश्न असतील तर विचारा, धंद्याचे कागद दाखवायचे असतील तर रविवारी सकाळी मी मोकळा असतो.

जय जोती, जय भीम.